नलिनी, त्या दिवशी आपण कॅसल हिलला गेलोच नव्हतो

नलिनी, आज तेरावा. अश्विनीने सकाळीच रजा टाकली, मी पुरणाला डाळ घातली आणि निखिल हॉलमध्ये लॅपटॉप उघडून नुसता बसून होता. ईरा विचारत होती, "सातारा-आजी आज नक्की कुठे पोहोचते?" मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. तिला पत्ता पक्का माहीत असेल. ती विचारल्याशिवाय कुठे जायची नाही." आणि मग माझं मलाच आठवलं, की एकदा आपण दोघी कुणालाही न विचारता गेलो होतो.

तुझ्याबद्दल सगळे आता खूप चांगलं बोलतायत. आदर्श शिक्षिका, शिस्तप्रिय, मुलाला एकटीने मार्गी लावलं. खरंच आहे सगळं. पण ती बाई आणि माझी विहीण यांची माझ्या डोक्यात काही केल्या गाठ पडत नाही. माझी विहीण कुणाला सांगून पटणार नाही अशी होती.

आठवतं तुला, पहिले सहा महिने आपण एकमेकींना किती छळलं? दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मी नाशिकहून आले, तीन महिन्यांसाठी, लेकीकडे. पंधरा दिवसांनी तू साताऱ्याहून आलीस, दोन महिन्यांसाठी, मुलाकडे. तुझा पुढचा बेत ठरलेला होता. इथून अश्विनीबरोबर इंग्लंडची सहल. मग विमानं बंद झाली, सीमा बंद झाल्या, आणि सिडनीतल्या केलीव्हिलच्या त्या चार बेडरूमच्या घरात दोन विहिणी, एक नवरा-बायको आणि एक सात वर्षांची मुलगी, असे पाच जण अडकलो. निखिल एका खोलीतून ऑफिस करायचा, अश्विनी दुसऱ्या. आपण स्वयंपाकघरात, हळू आवाजात, एकमेकींना "अहो विहीणबाई" करत.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढलेली. कानात कुणीतरी बोलत असल्याशिवाय मला जिवंत असल्यासारखं वाटत नाही. भाजी चिरताना मी बोलायचे, पोळ्या लाटताना बोलायचे. तू एकदा अगदी शांतपणे म्हणालीस, "विहीणबाई, तुम्ही पाच मिनिटं थांबलात तर मला कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील." मला इतका राग आला होता! मी अश्विनीला जाऊन म्हटलं, तुझी सासू वर्गात समजते स्वतःला. अश्विनी म्हणाली, "आई, म्यूट नाहीये मी." तिच्या मीटिंगमधल्या दोन मराठी मुलांनी ते ऐकलं होतं. हे तुला कधी सांगितलं नाही.

इंग्लंडच्या सहलीचं ते रंगीत पुस्तक तू टाकून दिलं नव्हतंस. त्यातलं एकच पान तू मुडपून ठेवलं होतंस. दिवस सहावा : जुनी बाजारगावं आणि भग्न मठ. मी विचारलं, लंडन नाही, राणीचा वाडा नाही, हेच काय? तू म्हणालीस, "चौतीस वर्षं नववीला शिकवलं. तो बायका बदलणारा राजा, त्याने मठ कसे मोडले, छपरांचं शिसं कसं काढून नेलं. मुलं विचारायची, बाई, तुम्ही बघितलंय? मी म्हणायचे, नाही, पण शिशाशिवाय छप्पर किती दिवस टिकेल याचा विचार करा. आता एकदा बघायचं होतं."

मला तेव्हा पहिल्यांदा तू आवडलीस. थोडीशीच.

दोन हजार एकवीसच्या मार्चमध्ये इथे सगळं जवळजवळ उघडलं होतं. भारतात जायला खास विमानं सुटत होती आणि घरात रोज तोच वाद होता. तुला परत जायचं होतं. निखिल म्हणत होता, काही गरज नाही, तुझ्या कायमच्या व्हिसाचं बघतो, तिथे एकटी काय करणार आहेस? अश्विनी त्याच्या बाजूने. मीही त्याच्याच बाजूने. मी तर तुला तोंडावर म्हटलं होतं, "पोरगा एवढं करतोय आणि तुम्ही हट्ट करताय." तू पदर नीट केलास आणि ईराचा गणवेश इस्त्री करायला घेतलास.

त्यानंतर दोन दिवसांनी तू माझ्यासमोर एक वहीचा कागद ठेवलास. लायब्ररीतल्या पुस्तकावरून उतरवून घेतलेला रस्ता. बेरिमा, मग गोलबर्न, मग गोलबर्नच्या पुढे एका आडवाटेवर फुली. "इंग्लंड राहू दे," तू म्हणालीस. "दिवस सहावा तरी करू. तुम्ही गाडी चालवता ना?"

नाशिकला मी तेवीस वर्षं मारुती चालवली, हे मीच तुला शंभरदा सांगितलं होतं. माघार कशी घेणार?

"अश्विनीला काय सांगायचं?"

"कॅसल हिलला लायब्ररीत जातोय म्हणायचं. खोटं नाही. पुस्तक परत टाकायचंच आहे."

चौतीस वर्षं मुलांच्या खोट्या सबबी पकडल्यावर माणसाला बरंच काही येत असावं. अश्विनीने स्क्रीनवरून मान न वळवता हात हलवला आणि आपण धपाटे, दही आणि थर्मास घेऊन निघालो. पुस्तक परत टाकायचं आपण दोघीही विसरलो.

मोटरवेवर मी ऐंशीच्या वर गेले नाही. मागून ट्रक अंगावर आल्यासारखे यायचे. तू कागद मांडीवर धरून एकेक पाटी मोठ्याने वाचत होतीस, जशी हजेरी घेत असावीस तशी. तासाभराने माझा घसा मोकळा झाला आणि मी बोलायला लागले. लग्न, एक्स्चेंज, साहेब, ट्रंक कॉल, ह्यांचं जाणं, सगळं. तू एकदाही थांबवलं नाहीस. बेरिमाला गाडी उभी केल्यावर म्हणालीस, "तुम्ही छान चालवता." बोलणं की गाडी, हे विचारायचं राहूनच गेलं.

बेरिमा म्हणजे पिवळसर दगडाची चार घरं, एक कोर्ट, एक तुरुंग आणि चहाची दुकानं. मला पंधरा मिनिटांत संपलं. तू मात्र कोर्टाच्या भिंतीला हात लावून उभी. "हे बांधलं तेव्हा साताऱ्याची गादी अजून खालसा झाली नव्हती," तू म्हणालीस. "म्हणजे जुनं म्हणायला हरकत नाही." त्या गावावर मोठा उपकार केल्यासारखा तुझा चेहरा होता. मी खूप हसले. मग तूही.

गोलबर्नला मेंढ्यांचा बाजार बघायचा होता, पण वार चुकला. मोकळे लाकडी कठडे आणि लेंड्यांचा वास तेवढा होता. मी म्हटलं, एवढं लांब येऊन हेच? तू म्हणालीस, बाजारगाव बाजार नसताना बघितलं की कळतं, लोक तिथे का राहतात. तिथल्याच एका बाकावर आपण धपाटे खाल्ले. समोरून जाणाऱ्या बाईने "लव्हली डे" म्हटलं आणि तू तिला अर्धा धपाटा दिलास. तिने तो उभ्या उभ्या खाल्ला आणि विचारलं, यात काय काय आहे? तू फळ्यावर लिहिल्यासारखं एकेक सांगितलंस.

तिसरं ठिकाण मिळेना. फुलीपाशी म्हणून वळलो तो रस्ता अरुंद, कडेला गवत. आदल्या आठवड्यात पाऊस झालेला. समोरून मोठी गाडी आली, मी बाजूला घेतली आणि डावं चाक चिखलात गेलं. मी ॲक्सिलरेटर दाबला, चाक आणखी खाली.

तेव्हा तू ओरडलीस, "अगं मंगल, थांब! दाबू नकोस!"

अगं. मंगल. बारा महिन्यांत पहिल्यांदा. मी पाय उचलला. मग मी म्हटलं, "तूच उतरून बघ." आणि ते तिथून तसंच राहिलं.

ती समोरची गाडी त्या शेतकऱ्याचीच होती. लाल चेहरा, पांढऱ्या भुवया, पायात चिखलाचे बूट. त्याने चाक बघितलं, आपल्या साड्या बघितल्या आणि म्हणाला, "नो वरीज, लेडीज." साखळी घरी आहे, वीस मिनिटं लागतील. तू त्याला कागदावरची फुली दाखवलीस. तो हसला आणि कुंपणापलीकडच्या झाडांकडे बोट केलं. ते जुनं कॉन्व्हेंट, म्हणजे नन्सचा मठ, त्याच्याच जमिनीत होतं. त्याने फाटक उघडून दिलं. जाताना एवढंच बजावलं, की पाय आपटत चाला, गवतात ब्राउन स्नेक असतात.

आपण दोघी सासवा, साडी वर धरून, कवायत केल्यासारख्या पाय आपटत त्या शेतातून गेलो. ते दृश्य कुणी बघितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आत काय होतं? चार भिंती, टोकदार कमानीच्या तीन खिडक्या, छप्पर नाही. कधीतरी वणव्यात जळालेलं. जिथे देव असेल तिथे दोन मेंढ्या बसल्या होत्या, त्या उठल्यासुद्धा नाहीत. मी म्हटलं, "झाली तुझी ॲबी." तू म्हणालीस, "ही ॲबी नव्हे. ॲबी म्हणजे मठाधिपती असलेला मोठा मठ. हे साधं कॉन्व्हेंट. सात-आठ बायका राहत असतील." मी म्हटलं, छप्पर नाही, मेंढ्या आहेत, म्हणजे ॲबीच. तू मला एकटीला उभं करून पूर्ण तास घेतलास. कोण कुठे प्रार्थना करायची, कोण कुठे जेवायची, पाणी कुठून यायचं. बोलताना तुझे हात असे फिरत होते की मला त्या बायका दिसायला लागल्या.

मग मी सहज म्हटलं, "बिचाऱ्या. एवढ्या ओसाड जागी. कंटाळत असतील."

तू एका पडलेल्या दगडावर बसलीस. म्हणालीस, "मंगल, तुला एक सांगते. कुणाला सांगू नकोस. मला एकटीला राहायला आवडतं."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, सवय झाली असेल.

"सवय नव्हे. आवडतं. हे गेले तेव्हा पहिलं वर्ष वाईट गेलं. मग एक दिवस मी शाळेतून आले, कुलूप उघडलं, आत कुणी नव्हतं आणि मला बरं वाटलं. माझा चहा, माझं वाचन, माझी गच्ची, समोर किल्ला. विधवा बाईने असं म्हटलं की लोकांना वाटतं नवऱ्यावर प्रेम नव्हतं. आणि मुलाला वाटेल आपल्यावर नाही. म्हणून मी म्हणत राहिले, तिकडे घराकडे बघायला कुणी नाही, पेन्शनचे कागद आहेत, दाढेचं काम राहिलंय. किती कारणं सांगितली मी! खरं एकच होतं. इथे सगळे माझ्याशी इतके चांगले वागतात, आणि मला माझ्या दाराला माझं कुलूप हवंय."

मी, जी नाशिकला रिकाम्या घरात टीव्ही चालू ठेवून झोपते, ती मी तुझ्याकडे बघत राहिले. मला पटलं नाही, नलिनी. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण तू खोटं बोलत नव्हतीस, एवढं तुझ्या चेहऱ्यावरून कळत होतं. इतकी निवांत मी तुला त्या घरात एकदाही बघितली नव्हती.

मी विचारलं, "निखिलशी मी बोलू?"

"बोल. पण हे सांगू नकोस. त्याला लागेल."

आणि त्याच क्षणी माझा फोन वाजला. निखिल. "मावशी, तुम्ही दोघी ठीक आहात ना? लायब्ररीतच थांबा, बाहेर येऊ नका. आपली गाडी चोरीला गेलीय! ॲपवर गोलबर्नच्या पुढे दाखवतेय! मी पोलिसांना फोन करतोय!"

तू माझ्या हातातून फोन घेतलास. "निखिल, पोलीस नकोत. चोर मी आहे. गाडी मंगल चालवतेय. आम्ही कॉन्व्हेंट बघतोय, संध्याकाळपर्यंत येतो."  मग तो म्हणाला, "मंगल कोण?"

मेंढ्या शेवटी उठल्या त्या आपल्या हसण्याने.

शेतकऱ्याने गाडी काढून दिली. निघताना तू त्याला विचारलंस, यावर पुन्हा छप्पर घालणार का? तो म्हणाला, बायको मागे लागलीय. मी म्हटलं, घालायलाच हवं. तू म्हणालीस, मुळीच नको. तो म्हणाला, तुम्ही दोघी ठरवा आणि कळवा. ते ठरलं नाहीच. त्यावर आपण पुढे दहा महिने फोनवर भांडलो.

घरी पोहोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. निखिल गॅरेजच्या दारात उभा, चिखलाने भरलेल्या गाडीकडे बघत. त्याला राग आला होता आणि तो घाबरलाही होता. ईरा मात्र ओरडली, "दॅट्स सो अनफेअर, मला का नाही नेलं?" जेवताना कुणी बोलेना, म्हणून मी बोलले. मला तेच येतं. मी म्हटलं, "निखिल, आईला जाऊ दे. ती इथे पाहुणी आहे. तिला तिचं घर हवंय." तो म्हणाला, "मावशी, हेही तिचंच घर आहे." मी म्हटलं, "तिला विचार." तू भाताकडे बघत म्हणालीस, "मला जायचंय रे." एवढंच. पण त्या दिवशी तू कारण दिलं नाहीस, आणि त्यालाही वाद घालता आला नाही.

महिनाअखेरीस तू गेलीस. आणि पंधरा दिवसांत तिकडे ती लाट आली.

त्या दोन महिन्यांबद्दल मी तुला काही बोलले नाही, आता बोलते. तुझ्या गल्लीतल्या दोन घरांत माणसं गेली, तेव्हा निखिल मला म्हणाला, "मावशी, ती तुमच्या भरवशावर गेली." नंतर तीन आठवडे तो माझ्याशी कामापुरतं बोलत होता. मी तुला रोज चार वाजता फोन करायचे आणि हसत हसत विचारायचे, आज काय केलंस.  तुझा आवाज ऐकला की वाटायचं, आजचा दिवस तरी निभावला. तू म्हणायचीस, "दार लावून बसलेय. एकटी राहायची परीक्षा आली तर मी पहिली येणार." आणि तू आलीस.

मग सगळं उलटं झालं. इथे सिडनीत पुन्हा लॉकडाऊन, पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. आणि तुझ्या गच्चीवर गल्लीतली मुलं, लांब लांब बसून, इतिहास शिकतायत. शाळा बंद होत्या, म्हणून तूच भरवलीस. फोनवर मागून त्यांचा गलका यायचा. तू म्हणायचीस, "ठेवते गं, मुलं आली." मी म्हणायचे, एकटीला राहायला आवडतं ना तुला? तर तू म्हणालीस, "हो. सहाला जातात ती."

मला साताऱ्याला बोलवत होतीस. दोन महिने ये, मी निखिलकडे जाते, तू माझ्या घरात एकटी राहून बघ. मी म्हटलं, वेड लागलंय का, मी भिंतींशी बोलेन. तू म्हणालीस, "बोल की. त्या तुला थांबवणार नाहीत." मी येणार होते, नलिनी. नाही म्हणत होते, पण येणार होते. हेही सांगायचं राहिलं.

तेरा दिवसांपूर्वी, सकाळी, गच्चीवरच्या खुर्चीत तू गेलीस. अंगावर शाल, शेजारी अर्धा चहा. शिकवणीला येणारी ती समोरची मुलगी वर आली, तिला वाटलं बाई झोपल्यात. डॉक्टर म्हणाले, हृदय, त्रास झाला नसावा. निखिलला विमान मिळालं, पण चाचणी पॉझिटिव्ह आली आणि तो इथेच राहिला. सगळं त्याने फोनवर बघितलं. तुझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी खांदा दिला, आता टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं. तो काही बोलला नाही. या तेरा दिवसांत माझ्याशी तर अगदीच नाही. मला वाटलं, मनात तेच असणार. मावशींमुळे आई गेली.

आज नैवेद्य झाला आणि तो स्वयंपाकघरात आला. मी भांडी आवरत होते. तो कट्ट्याला टेकून उभा राहिला. म्हणाला, "मावशी, एक विचारू? तिला आमचं घर का नाही आवडलं? मी काय कमी केलं?"

वर्षभर तो हे मनात धरून होता, नलिनी. तू दाढेचं कारण दिलंस, पेन्शनचं दिलंस, आणि पोराने त्यातून काढलं काय, तर आईला मी नकोसा झालो. तू त्याला लागू नये म्हणून लपवलंस, आणि त्याला तेच लागत राहिलं.

मी हात पुसले आणि त्याला सांगितलं. मेंढ्यांपासून सगळं. तू दगडावर बसून काय म्हणालीस, तुझ्याच शब्दांत. कुलूप उघडल्यावर आत कुणी नसायचं आणि तुला बरं वाटायचं, तेही.

तो ऐकत राहिला. मग विचारलं, "म्हणजे बाबा गेल्यावर मी दर रविवारी फोन करून रडायचो, की ती एकटी आहे म्हणून, तेव्हा ती...?"

"पहिलं वर्ष सोडून," मी म्हटलं. "पहिलं वर्ष वाईट गेलं म्हणाली."

"आणि पुढची पंधरा?"

"मजेत."

तो खाली बघत होता. खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतोय. रडत होताच, पण हसतही होता. तिथेच फरशीवर बसला आणि डोळे पुसत म्हणाला, "आणि मी दर रविवारी तिला विचारायचो, आई, करमतं का? ती म्हणायची, चाललंय रे कसंतरी!"

मग त्याने पुरणपोळी मागितली. दोन खाल्ल्या. तेरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

कुणाला सांगू नकोस म्हणाली होतीस. मी सांगितलं. मला त्याचं जराही वाईट वाटत नाहीये.